रसवंतीवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पंचनाम्याच्या दिवशी माझ्या मेव्हण्याला तुम्हीच म्हणाला होतात, "काचा कुठं पडल्या ते दाखवते, गाडी कुठं आडवी लावली ते दाखवते, पण नाव नका घालू भाऊ. मला रोज याच रस्त्यावर उभं राहायचंय." मेव्हण्याला थोडा राग आला होता. मला नाही आला. म्हणून कुठला फाटा, रस्त्याची कुठली बाजू, तेही लिहीत नाही. नाशिक-दिंडोरी-वणी रस्त्यावर उन्हाळ्यात रसवंत्यांना तोटा नसतो, आणि निम्म्यांची नावं नवनाथ नाहीतर कानिफनाथ. शोधणाऱ्याला तुम्ही सापडायच्या नाहीत. तुमची लेक मात्र दोन ओळींत ओळखेल. तिने हे तुम्हाला वाचून दाखवावं.

पावसाळ्यात मी दोनदा येऊन गेलो. पहिल्या वेळी चरक उचलून नेलेला, बांबूंचे चार खड्डे पाण्याने भरलेले आणि बाजूला काळी पडलेली चिपाडं. दुसऱ्या वेळी पंक्चरवाला म्हणाला, "त्या आता उन्हाळ्यालाच." तोवर थांबवेना, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी आम्ही गडावरून परत येत होतो. आईने वणीची देवी आजवर दहा वेळा तरी बघितली असेल. पण 2022 मध्ये मूर्तीवरचा शेंदराचा थर उतरवला, त्यानंतर तिचं जाणं झालं नव्हतं, आणि शेजारच्या काकू येता-जाता तिला सांगायच्या, "अहो, डोळे किती वेगळे दिसतात आता." गुडघ्यांमुळे पाचशे पायऱ्यांचा प्रश्नच नव्हता, ट्रॉलीने वर गेलो. आई देवीचे अठरा हात मोजत उभी राहिली. मागून "चला चला, पुढे चला" सुरू झालं तेव्हा ती अकरापर्यंत पोचली होती. गाडीत बसल्यावरही तिचं तेच चाललं होतं, की सात राहिले. पोरं हसत होती. नांदुरीला भेळ खाल्ली, वणी गेलं. दिवस इतका साधा होता.

आता पुढचं पोलिसांना सांगितलं तसं नाही, झालं तसं लिहितो.

द्राक्षांचा ऐन तोडा चालू होता. क्रेट भरलेल्या पिकअप, ट्रॅक्टर, मजुरांच्या जीप, सगळं त्याच रस्त्यावर. मागून एक काळी गाडी डिपर मारायला लागली. पहिल्यांदा समोर ट्रॅक्टर होता, साइड देणं शक्यच नव्हतं. पण ट्रॅक्टर वळून गेल्यावर रस्ता मोकळा होता, तरी मी दिली नाही. एक-दोन किलोमीटर दिली नाही. बायको म्हणाली, "जाऊ द्या ना त्यांना." मी म्हटलं, "रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे?" ते बरोबरीला आले तेव्हा मी काच खाली करून शिवी दिली. आईवरून. माझी आई मागच्या सीटवर प्रसादाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असताना. नंतर ते मागे पडले, तर मुद्दाम एकदा ब्रेकही मारला. माझ्या जबाबात यातलं काहीच नाही. जबाबात मी शांतपणे गाडी चालवत होतो.

मग त्यांनी पुढे येऊन गाडी आडवी लावली. चौघे उतरले, एकाच्या हातात रॉड. पहिला फटका पुढच्या काचेवर बसला, दुसरा मला बाहेर ओढल्यावर कपाळावर. भुवईच्या वर पाच टाके पडले आणि डाव्या करंगळीचं हाड चिरलं. मी एकही हात उचलला नाही, उचलताच आला नाही. नातेवाइकांना सांगताना मात्र दर वेळी मी एकाची कॉलर धरलेली असते. दिवाळीपर्यंत दोघांना लोळवलेलंही असेल.

तुम्ही काय केलंत ते मी पाहिलं नाही, मी खाली होतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने नंतर एकेक करून सांगितलं. तुम्ही पलीकडच्या बाजूने मागचं दार उघडलंत, दोन्ही पोरांना ओढून बाहेर काढलंत आणि आईला म्हणालात, "आजी, तुम्ही आतच बसा, दार लावून घ्या." पोरांना उसाच्या मोळीमागे बसवलंत आणि लेकीला ओरडून सांगितलंत, "मशीन चालू कर!" गिऱ्हाईक नव्हतं, चरकात ऊस नव्हता. रिकामा चरक फिरत होता आणि त्याची घुंगरं वाजत होती. माझी मुलगी विचारत होती, "बाबा, मावशींनी मशीन कशाला लावलं?" मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला.

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला त्या दिवसाचं विचारलं तर तो सांगतो, "तिथे मशीन खूप जोरात वाजत होतं आणि मला लिंबू टाकून रस दिला." एवढंच. माझं ओरडणं त्याला ऐकूच आलं नाही. ताई, या पत्रात आभाराची एकच ओळ राहणार असेल, तर ती ही.

यानंतर तुम्ही रस्त्यावर आलात. कोयता हाताशी होता, पण मोकळ्या हातांनी आलात आणि त्यांच्या गाडीचा नंबर मोठ्याने पुकारायला लागलात. एम एच, मग पुढचे आकडे, पुन्हा एम एच, पुन्हा तेच आकडे, बाजार समितीत लिलावाची बोली पुकारतात तशा सुरात. हे मात्र मी स्वतः ऐकलं. तुमची लेक विज्ञानाच्या वहीवर तो लिहून घेत होती. माझ्या बायकोचं ओरडणं ऐकून एकही गाडी थांबली नव्हती. आकडे ऐकून द्राक्षांची पिकअप थांबली, मागच्या मजूर बाया खाली उतरल्या आणि त्याही तोच नंबर म्हणायला लागल्या. चौघांतल्या एकाने वळून स्वतःच्याच नंबर प्लेटकडे बघितलं, बरोबर सांगताहेत का ते तपासायला बघावं तसं. मग ते गेले.

तुम्ही खांद्यावरचा टॉवेल माझ्या कपाळाला बांधलात. दिवसभर लिंबाचे हात पुसलेला टॉवेल. रॉडपेक्षा तो झोंबला असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. आणि गाठ मारताना माझ्या कानापाशी हळूच म्हणालात, "दादा, तुम्ही पण काही कमी नव्हता. दोन्ही गाड्या लांबून दिसत होत्या मला."

हे तुम्ही नंतर कुणालाच सांगितलं नाहीत. 112 ला फोन केल्यावर आलेल्या पोलिसांना नाही, माझ्या बायकोला नाही, मेव्हण्याला नाही. मला सांगितलंत, ते पुरे होतं. रागावून सांगितलं असतंत तर मी वाद घातला असता.

बाकीचं थोडक्यात. शहरात उपचारानंतर जवळच्या ठाण्यात गेलो, तर हद्दीचा प्रश्न निघाला. चुलतभाऊ वकील आहे, त्याने फोनवर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 वाचून दाखवलं. 1 जुलै 2024 पासून ते लागू आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, मग ती योग्य ठाण्याला जाते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. विज्ञानाच्या वहीचं ते पान तक्रारीला जोडलं. मागच्या बाजूला प्रकाशाच्या परावर्तनाची आकृती आहे, लेकीला सांगा, आकृती छान काढली आहे. दोन दिवसांत गाडी सापडली. नंतर "मिटवून घ्या" म्हणणारे येऊन गेले. मिटवलेलं नाही. पण पुरवणी जबाबात ब्रेकचं आणि शिवीचं सांगायचं ठरवलंय. वकील भाऊ नको म्हणतोय, आई सांग म्हणतेय. शिवी तिच्या समोरच दिली होती, तेव्हा तिचं ऐकायला हवं.

दोन ग्लासांचे पैसे राहिलेत. तुमचा टॉवेल तीनदा धुतला, डाग फिका झाला, गेला नाही. आई म्हणते, रक्ताचा टॉवेल परत करू नये, म्हणून नवा आणून ठेवलाय.

उन्हाळ्यात येतो. आईचे सात हात मोजायचे राहिलेत, तेव्हा रस्ता तोच. गाडी पांढरीच आहे, पुढची काच नवी. बायको चालवेल.

तुमचा,
कपाळावर खूण असलेला दादा