तक्रार पत्र: बंद तंबूत पेटती शेगडी ठेवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

दिनांक: 16 जून

विषय: भंडारदरा येथील काजवा कॅम्पमधील गंभीर निष्काळजीपणाबद्दल लेखी खुलासा व संपूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही नऊ जण तुमच्या भंडारदऱ्याच्या कॅम्पला आलो होतो. माझं कुटुंब आणि माझ्या मैत्रिणीचं कुटुंब मिळून सहा मोठी माणसं आणि तीन मुलं. मोठ्यांचे माणशी 1,800 आणि मुलांचे 1,200 याप्रमाणे 14,400 रुपये आम्ही भरले, निम्मे बुकिंगला आणि निम्मे तिथे पोहोचल्यावर. त्या रात्रीच्या बऱ्याच गोष्टी मी सोडून द्यायला तयार आहे. एक गोष्ट मात्र सोडणार नाही. तीन मुलं आणि दोन म्हातारी माणसं बसलेल्या तंबूत तुमच्या माणसाने कोळशाची पेटती शेगडी आणून ठेवली आणि वारा येऊ नये म्हणून तंबू बंद करून घेतला.

सोमवारी मी तुमच्या कार्यालयात फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून विचारलं गेलं, "पण मॅडम, कुणाला काही झालं तर नाही ना?" पावसाला आम्ही जबाबदार नाही, नियम व अटी वाचा, असंही सांगितलं. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

पाऊस तुमच्या हातात नव्हता, हे मला मान्य आहे. काजवे बघायचे तर मेअखेर ते पहिला दमदार पाऊस पडेपर्यंतचेच दिवस, आणि या दिवसांत संध्याकाळी वळीव कोसळणार हे आम्हालाही ठाऊक होतं. कसारा घाट चढून घोटीमार्गे येताना बारीजवळ आमची एक गाडी पंक्चर झाली. त्याचंही तुमच्याशी देणंघेणं नाही. मात्र तुम्ही पाठवलेलं लोकेशन चुकीचं होतं. त्याने आम्हाला शेंडी गाव सोडून धरणाच्या कडेकडेने मुतखेलच्याही पुढे, थेट रतनवाडीपर्यंत नेलं. तिथल्या एका हॉटेलवाल्याने सांगितलं की आजच्या दिवसात चुकून आलेली ही चौथी गाडी. आम्ही परत फिरून पोहोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. दुपारच्या चहा-नाश्त्याचे पैसे घेतले होते, तो अर्थातच संपला होता.

तंबूंच्या जागेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. जूनच्या सुरुवातीला धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं आणि काठाचा उताराचा गाळ उघडा पडतो. तुम्ही तंबू त्या गाळातच लावले होते. 1926 साली बांधून पूर्ण झालेलं धरण आहे ते, इतक्या वर्षांत साचलेला मऊ गाळ. त्यात वीतभर लांबीच्या खुंट्या काय टिकणार? मी एक खुंटी दोन बोटांनी उपटून तुमच्या माणसाला दाखवली. तो म्हणाला, "ताई, वरच्या खडकात ठोकायला वेळ लागतो, आणि लोकांना पाण्याजवळच पाहिजे असतं." तंबूभोवती पाणी वळवायला चर खणलेला नव्हता. जाहिरातीत 'वॉटरप्रूफ टेंट' म्हटलं होतं. प्रत्यक्षात वरचं पावसाळी आवरण नव्हतंच, त्याजागी निळी ताडपत्री सुतळीने बांधलेली होती. एका तंबूची चेन खालून हातभर तुटलेली होती आणि तिथे चार सेफ्टी पिना लावल्या होत्या. त्यातल्या दोन गंजलेल्या होत्या.

काजव्यांबद्दलही लिहायला हवं. माझी अकरा वर्षांची मुलगी वर्षभर या दिवसाची वाट बघत होती. नर उडता उडता लुकलुकून खूण करतो, झाडाझुडपात बसलेली मादी तिथूनच उत्तर देते, त्यांचं सगळं बोलणंच उजेडाचं, हे तिने वहीत लिहून आणलं होतं. तुमचा गाइड तीस-पस्तीस जणांना घेऊन हातात मोठा टॉर्च पेटवून पुढे चालला. कुणाच्या तरी खांद्यावर स्पीकर वाजत होता, त्याला त्याने हटकलं नाही. एका हिरड्याच्या झाडाखाली आल्यावर काजवे 'उठावेत' म्हणून त्याने स्वतः फांदी हलवली. माझ्या मुलीने "दादा, नका ना हलवू" म्हटलं तर तो हसला. या किड्यांना माणसाचा उजेड आणि गोंगाट किती नडतो, हे त्यांच्याच जिवावर धंदा करणाऱ्यांना माहीत नसावं, याचं मला मनापासून दुःख झालं.

आम्ही परतलो आणि साडेनऊच्या सुमारास सोसाट्याचा वारा सुटला. दहा मिनिटांत आमचा एक तंबू खुंट्यांसकट उखडून पाण्याच्या दिशेने गेला. दुसरा कसाबसा उभा होता. मुलांना, माझ्या सासूबाईंना आणि मैत्रिणीच्या वडिलांना आम्ही त्यात बसवलं. काकांचं वय 71, त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. माझे यजमान आणि भावोजी बाहेर चर खणू लागले. त्यासाठी कॅम्पवर ना कुदळ होती ना फावडं, म्हणून जेवणाच्या स्टीलच्या थाळ्यांनी ते गाळ उपसत होते. मैत्रीण आणि मी उडालेलं सामान गोळा करून वर गाडीत नेऊन ठेवत होतो. चाळीसेक पर्यटकांमागे तुमचा एकच मुलगा होता, जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा. मॅनेजर नऊ वाजताच घरी गेला होता आणि त्याचा फोन बंद होता.

आम्ही पंधरा-वीस मिनिटांनी परत आलो. तंबूचा पडदा बंद होता, खालची कड आतून बॅगांनी दाबलेली होती. उघडला तर मध्ये बार्बेक्यूची शेगडी, निखारे लालभडक. धूर जवळपास नव्हताच, म्हणून कुणाला शंका आली नाही. पोरं भिजलीत, ऊब मिळेल, कपडे वाळतील, असं सांगून त्या मुलाने ती आणून ठेवली होती. माझा सहा वर्षांचा धाकटा आजीच्या मांडीवर गाढ झोपलेला दिसत होता. मुलगी म्हणाली, "आई, डोकं खूप ठणकतंय." काका उठायला गेले आणि मटकन खाली बसले.

माझी मैत्रीण वीस वर्षं परिचारिका आहे. ती एवढंच ओरडली, "आधी माणसं बाहेर काढा!" धाकट्याला उचललं तेव्हा त्याची मान माझ्या हातावर लोळत होती. पावसात उघड्यावर घेऊन उभी राहिले. दोनदा हाक मारूनही त्याने डोळे उघडले नाहीत, तिसऱ्यांदा उघडले. मैत्रिणीच्या मुलीला उलटी झाली.

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि तरी शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप लागते आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं लवकर सापडतात. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या दर थंडीत येतात. तंबू चालवणाऱ्या कंपनीने हे वाचलेलं नसेल, असं मी समजू का?

त्या मुलाला मैत्रिणीने विचारलं, तुला कुणी सांगितलं असं करायला? तो म्हणाला, "पाऊस आला की आम्ही नेहमी असंच देतो." नेहमी. म्हणजे आमच्या आधीही किती तरी घरची मुलं त्या शेगडीभोवती बसून गेली आहेत.

मोबाइलला रेंज नव्हती. वरच्या वाडीतल्या एका मावशींनी कंदील घेऊन येऊन आम्हा नऊ जणांना घरी नेलं. सारवलेल्या ओटीवर घोंगड्या अंथरून दिल्या, रात्री अकरा वाजता चूल पेटवून कोरा चहा केला. सासूबाईंची भिजलेली गोधडी त्यांनी चुलीमागे वाळत घातली. सकाळी पैसे देऊ केले तर त्यांनी हात मागे घेतला. पहाटेपर्यंत मुलांना आळीपाळीने जागं करत आम्ही तिथे बसलो होतो. रविवारी ठाण्यात येऊन पाचही जणांना डॉक्टरांना दाखवलं. तपासण्यांसह 4,350 रुपये खर्च आला.

माझी मागणी अशी. 14,400 आणि दवाखान्याचे 4,350 मिळून 18,750 रुपये परत करावेत. तंबूत शेगडी, चूल, गॅस किंवा जळतं काहीही नेण्यास सक्त मनाई असल्याचा लेखी आदेश सर्व कॅम्पना काढून त्याची प्रत मला द्यावी आणि तसा फलक प्रत्येक तंबूवर लावावा. मनाई करून भागणार नाही. भिजलेल्यांसाठी पक्क्या छपराची जागा आणि कोरडी पांघरुणंही ठेवावी लागतील. तंबू गाळातून उचलून वर पक्क्या जमिनीवर न्यावेत. रात्रभर जबाबदार, प्रथमोपचार येणारा माणूस हजर असावा.

आणि त्या मुलाला कामावरून काढू नका. त्याने आमचं वाईट चिंतलं नव्हतं. काका बसले ते पाहून तोच पहिल्यांदा रडला आणि त्यानेच धावत जाऊन मावशींना बोलावून आणलं. त्याला कुणी काही शिकवलं नाही, हा दोष तुमचा आहे. त्याचा बळी देऊन हे प्रकरण मिटवलंत तर तीही माझी तक्रार असेल.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली सेवेतील त्रुटीबद्दल ठाण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. मी राहते तिथेच ती करता येते आणि या रकमेला शुल्कही लागत नाही. पैसे भरल्याच्या पावत्या, तुमची जाहिरात, पिना लावलेल्या तंबूचे आणि शेगडीचे फोटो व डॉक्टरांचे कागद सोबत जोडले आहेत. मूळ प्रती माझ्याकडे आहेत.

कुणाला काही झालं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. माझा धाकटा अजून रात्री झोपताना खिडकी उघडी आहे ना, हे उठून बघतो.

आपली,
एक ग्राहक, ठाणे