प्रमोशनचं अभिनंदन, आणि थोडं बाकीचं

चि. मंदार,

परवा रात्री साडेबाराला फोन केलास, टीम लीड झालो म्हणालास, आईला आनंदाने झोप नाही. मी सकाळी गल्ल्यावर बसून येईल त्याला सांगत होतो. पण तुझा आवाज ऐकला ना मी, परमिट रूम चालवणाऱ्याला आवाज कळतो रे. एकटाच बसला होतास का?

लेक्चर नाही देत. याच धंद्यावर तुझी फी भरली, मी काय बोलणार.

अण्णांच्या वेळी पगाराच्या दिवशी गिरणी सुटली की आत उभं राहायला जागा नसायची, चौघांत एखादी क्वार्टर, उकडलेले चणे, अंडं, दोन शिव्या मुकादमाला आणि घरी. मग जानेवारी ८२ ला संप झाला, अडीच लाख माणसं बाहेर, आणि तो रीतसर मागे कधी घेतलाच नाही. टेबलं भरलेलीच असायची पण एका टेबलाला एकच माणूस, सगळं उधारीच्या वहीत. वाइंडिंगवाले काका आठवतात ना, तुला लिमलेटच्या गोळ्या द्यायचे? ते संपाच्या आधी कधी एकटे बसले नव्हते.

बघ, परत तिथेच आलो. सॉरी.

आता फिनिक्स मिल म्हटलं की लोकांना मॉलच माहीत. आपल्याकडे लॅपटॉपची बॅग लावलेली पोरं येतात, आयपीएल लावा म्हणतात, एसी सेक्शन त्यांच्यासाठीच काढलं. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, प्यायला परमिट लागतं म्हटलं की हसतात. घोळक्याने आली की मला काही वाटत नाही, खुशाल गोंधळ घाला. पण एखादा कोपऱ्यात मोबाइल घेऊन एकटा दिसला की मी वेटरला सांगतो, आधी जेवणाचं विचार. तू जेवतोस ना वेळेवर? आई विचारतेय असं समज.

बिल्डरचा माणूस परत येऊन गेला, चाळ पाडणार म्हणे. लायसन्स दुसरीकडे न्यायचं की बंदच करायचं ते दिवाळीत बोलू, पण गल्ल्यावर तू बसायचं नाहीस हे आत्ताच लिहून ठेवतो, चिडलास तरी चालेल. अण्णा असते तर तुझ्या नव्या पोस्टचं व्हिजिटिंग कार्ड काउंटरच्या काचेखाली लावलं असतं. पाठव एक, मी लावतो.

आणि तुझा तो रूममेट गावाहून परत आला का? त्याचा नंबर मला पाठव.

बाबा