क्लोजअप राखून ठेवा

महोदय,

लघुपट स्पर्धांना येणाऱ्या प्रवेशिकांत एक खोड घट्ट बसली आहे. पात्र दारातून आत आलं की लगेच त्याच्या डोळ्यांचा क्लोजअप. दहा मिनिटांच्या लघुपटात चेहरा पहिल्याच मिनिटाला पडदाभर झाला, तर शेवटी त्या चेहऱ्यावर खरंच काही घडतं तेव्हा आणखी जवळ जायला जागाच उरत नाही.

साधा प्रसंग घ्या. मुलगा परगावी निघालाय, आई डबा भरतेय. आधी लाँग शॉट: ओट्याशी पाठमोरी आई, दारात बॅग. मग मिड शॉट, म्हणजे कमरेपासून वर. ती झाकण लावते, पुन्हा उघडते, आणखी एक पोळी दुमडून आत कोंबते. झाकण आता बसत नाही. क्लोजअप इथे घ्यावा, आणि तोही चेहऱ्याचाच हवा असं नाही. झाकणावर दाबलेला अंगठा पुरतो. त्यानंतर चेहरा दाखवलात तर अभिनेत्रीला रडावंही लागणार नाही. रशियन दिग्दर्शक कुलेशोव यांनी १९२० च्या सुमारास एकाच निर्विकार चेहऱ्याला कधी सूपची बशी, कधी शवपेटी जोडून हेच दाखवलं होतं. चेहऱ्यावरचा भाव प्रेक्षक शेजारच्या शॉटवरून ठरवतो.

मोबाइलवर चित्रण करताना अडचण वेगळी येते. फोनची मुख्य लेन्स वाइड, म्हणजे जास्त परिसर टिपणारी असते. हातभर अंतरावरून चेहरा घेतला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. करुण प्रसंगाला लोक हसतात. पाच-सहा फूट मागे सरका आणि फोनला टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स असेल तर ती वापरा. एक्स्पोजर, म्हणजे चित्रात येणारा उजेड, लॉक करा, नाहीतर पात्र खिडकीसमोर आलं की खोली एकदम काळवंडते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडण्याची वेळ, १/५० सेकंद ठेवावं. मग ट्यूबलाइट लुकलुकत नाही.

‘टॉप अँगल (वरून घेतलेला शॉट) म्हणजे माणूस दुबळा, लो अँगल (खालून घेतलेला) म्हणजे बलवान’ हे पाठांतर मात्र सोडलेलं बरं. सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट असेल तर कॅमेरा सगळा वेळ साडेतीन फुटांवर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला ठेवून पाहा. जवळ उभ्या मोठ्यांची डोकी फ्रेमबाहेर जातील. मग कुणी त्याच्यासाठी खाली वाकलं, की त्या नुसत्या वाकण्यातली माया प्रेक्षकापर्यंत पोहोचेल.

दोघांच्या संभाषणात कॅमेरा त्यांच्यामधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला हवा. रेषा ओलांडली की दोघंही एकाच दिशेला पाहताना दिसतात, आणि भांडण तिसऱ्याच कुणाशी चाललंय असं वाटतं.

स्पर्धांच्या आयोजकांना विनंती आहे, की प्रवेशिकेसोबत एक पानी शॉट डिव्हिजन, म्हणजे शॉटवार आराखडा, मागवावं. त्यात तीन रकाने असावेत: शॉट क्रमांक, शॉटचा आकार, आणि तोच आकार का. तिसरा रकाना जिथे रिकामा असेल, त्या शॉटवर परीक्षकांनी दोन ओळी लिहून द्याव्यात.

– लघुपट चित्रण शिकवणारे काही प्रशिक्षक, पुणे