सुई टोचली तरी विद्यार्थी गप्प का बसतात? वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. हेपटायटिस बी हा यकृताचा आजार कसा पसरतो, हे तोंडी परीक्षेत विचारले तर माझे विद्यार्थी अडखळत नाहीत. वापरलेल्या सुईला झाकण परत लावायचे नाही, हेही सगळ्यांना पाठ. त्याच दुपारी वॉर्डात जावे, तर त्यांतलेच कुणीतरी एका हातात सुई, दुसऱ्या हातात झाकण घेऊन उभे असते. का, म्हणून विचारले की उत्तर येते, "मॅडम, सुया टाकायचा डबा पार त्या टोकाला आहे." आणि तो असतोही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला रुग्णाची सुई टोचली. तिने बोट नळाखाली धरले, पट्टी लावली आणि ड्युटी पुरी केली. मला कळले नवव्या दिवशी, तेही तिच्या मैत्रिणीकडून. सिस्टर रागावतील, पोस्टिंग पुन्हा करायला लावतील, या धास्तीने ती बोलली नव्हती. हेपटायटिस बीच्या लशीचे दोन डोस झाले होते, तिसरा परीक्षेच्या गडबडीत राहून गेला होता. हेपटायटिस बीचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडींचे (संरक्षक प्रथिनांचे) इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत द्यायचे असते, सात दिवसांनंतर त्याचा भरवसा उरत नाही. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. दोन्ही मुदती उलटून गेल्या होत्या. पुढचे सहा महिने ती दर तपासणीच्या आधी जेवत नसे. रिपोर्ट चांगले आले, ते निव्वळ नशीब.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. मुले एचआयव्हीला घाबरतात, हेपटायटिस बीला नाही. वास्तविक बाधित सुई टोचल्यास एचआयव्हीचा धोका हजारात तीनच्या आसपास, तर लस न घेतलेल्यांना हेपटायटिस बीचा धोका शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरतो. शिवाय याच आजारावर लस आहे.

तेव्हा कृपा करून आणखी जनजागृती सप्ताह नको. २८ जुलैची, जागतिक हेपटायटिस दिनाची रॅली आम्ही काढतोच, घोषणाही छान होतात. पहिला डोस प्रवेशाच्या आठवड्यातच मिळावा; पुढच्या दोन तारखा लक्षात ठेवणे हे कॉलेजचे काम असावे, अठरा वर्षांच्या मुलांचे नव्हे. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी मोफत व्हावी, कारण लस घेऊनही काही जणांत संरक्षण तयार होत नाही आणि त्यांना ते माहीतच नसते. आणि सुई टोचल्याचे सांगणाऱ्याची हजेरी, गुण, पोस्टिंग यांना धक्का लागणार नाही, हे लेखी द्या. तोंडी आश्वासनावर मुले विश्वास ठेवत नाहीत. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

आमच्या लॉगबुकात लशीच्या डोसांचा रकाना आहे, अँटीबॉडीच्या आकड्याचा नाही. तो वाढवायला वरून आदेश लागतो, असे मला सांगण्यात आले. नवी तुकडी वॉर्डात जायच्या आत आपण तो आदेश काढावा.

आपली,
एक नर्सिंग शिक्षिका