तात्यांच्या चाकूचं टोक

दापोली,
२८ जुलै २०२४

प्रिय बंड्या,

हे फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस, मधेच हसत सुटतोस. म्हणून पत्र. चार दिवस झड लागली आहे, लाईट येऊन-जाऊन आहे, त्यामुळे लिहायला सवडही आहे.

तात्यांचा चाकू सापडला. तोच, आंब्याची कलमं बांधायचा. माळ्यावर आजीच्या पितळी डब्यात होता, मोडक्या चष्म्याच्या सोबतीला. फडक्यात नीट गुंडाळलेला, पण ते फडकं इतकं चिकट झालं होतं की सोलून काढावं लागलं. तात्या चाकूच्या सांध्यात खोबरेलाचा थेंब सोडायचे, आठवतं? त्या खोबरेलानंच घात केला. तेल सुकून त्याची खळ झाली, तिच्यात धूळ बसली आणि पातं उघडेना. खाचेत नख घातलं तर नखच मोडलं.

मग मी शहाणपणा केला. बाजारात धार लावणाऱ्याकडे नेला. त्यानं पकडीनं पातं ओढून उघडलं आणि मी 'अहो, थांबा थांबा' म्हणेपर्यंत विजेच्या चाकावर टेकवलंसुद्धा. ठिणग्या उडाल्या आणि मुठीजवळ धारेवर नखाएवढा निळा डाग उठला. पोलाद निळं पडलं म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास तापलं, तेवढ्या जागेचं पाणी उतरलं. आता तिथे धार टिकायची नाही. वर तो दुसऱ्या बाजूनेही धार काढायला निघाला होता! कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू आरशासारखी सपाट, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार. पैसे दिले, चाकू खिशात घातला आणि दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसलो. गंज निघावा म्हणून चाकू रात्रभर तेलात ठेवायचा होता, पण रॉकेल आता औषधालाही मिळत नाही. शेजाऱ्यांच्या पंपाचं डिझेल मागून आणलं. मुठीचं शिंग त्यात बुडू नये म्हणून चाकू वाटीत तिरका उभा केला. (ती वाटी स्वयंपाकघरातली होती, हे नंतर उघडकीला आलं. तो विषय इथे नको.) सकाळी तांबडा चिखल निघाला आणि खालून पात्याच्या बुडाशी छाप दिसला, एक चांदणी आणि शेजारी टोकांकडे रुंद होत जाणाऱ्या हातांचा क्रॉस. म्हणजे विलायतेतल्या शेफील्डच्या रॉजर्स कंपनीचा. तात्या 'राजस'चा चाकू म्हणायचे तो हा. आपण समजत होतो राजस म्हणजे रुबाबदार!

शेफील्डमध्येच १९१३ साली ब्रिअर्लीनं न गंजणारं पोलाद काढलं, पण हे पातं जुन्या साध्या पोलादाचं आहे. म्हणून तर आजी त्यानं कैरी चिरू द्यायची नाही, फोडी काळ्या पडतात म्हणून. आणि मूठ सांबरशिंगाची. शेफील्डचे चाकूवाले मुठींसाठी सांबराची शिंगं हिंदुस्थानातूनच मागवत. म्हणजे आपल्याच रानातलं शिंग बोटीनं विलायतेला गेलं आणि मूठ होऊन तात्यांच्या बंडीच्या खिशात आलं. आता त्याचा व्यापार कायद्याने बंद आहे, तेव्हा नवा तुकडा आणायचा प्रश्नच नव्हता. कसरीनं खाल्लेली भोकं आणि एक लांब चीर होती. मुठीच्या आतल्या बाजूने कानशीनं चिमूटभर भुसा काढला, अरल्डाइटमध्ये कालवला आणि दातकोरणीनं चिरेत भरला. बोट फिरवलं तरी कळत नाही. म्हणजे मला कळत नाही, बायकोला कळतं.

सांध्याचं काम मात्र माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पातं चारी बाजूंना डुगडुगत होतं. पाखाडीखालच्या लोहारांकडे गेलो. सत्तरी उलटली आहे, भाता बंद, आता पावसाळ्यापुरते कोयते-विळे पाजवून देतात. चाकू त्यांनी डोळ्यांशी नेला, उघडला, मिटला, परत उघडला. कानाशी नेऊन मिटण्याचा आवाजसुद्धा ऐकला. म्हणाले, "पाठीची पट्टी जिवंत आहे. खिळा झिजलाय फक्त." जुना खिळा ठोकून काढला आणि सायकलच्या स्पोकचा तुकडा कापून घातला. पातं आणि पितळी पत्रा यांच्यामध्ये पोस्टकार्डाची कात्रण सरकवली, म्हणजे खिळा फुलवताना सांधा आवळून बसत नाही. मग हलक्या हातोडीनं टक टक. चार ठोके, उघडून बघायचं, परत दोन ठोके. अर्धा तास हेच चाललं होतं. शेवटी कात्रण ओढून काढली, चाकू मिटला आणि बंड्या, तोच आवाज! ओटीवर तात्यांनी चाकू मिटला की आपण आतल्या खोलीत अभ्यासाची पुस्तकं उघडायचो, तो आवाज.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

मिटलेला चाकू माझ्यापुढे धरून लोहार म्हणाले, "हे बघितलंत? मुठीतली खाच केवढी आणि पातं केवढं!" खरंच, पातं खाचेच्या शेवटापर्यंत पोचतच नव्हतं. बोटाच्या एका पेराएवढी जागा रिकामी. "टोक मोडलेलं आहे ह्याचं. पण ज्यानं घासलं त्याला अक्कल होती. पाठीकडून घासलंय. धारेकडून घासलं असतं तर मिटल्यावर टोक वर राहिलं असतं आणि खिशाला भोक पाडलं असतं. आणि हे चाकावरचं काम नव्हे, दगडावर हातानं केलंय. चार-पाच दिवस लागले असतील."

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मे १९८४, हर्णैचे खडक, ओहोटी, समोर सुवर्णदुर्ग. तू म्हणालास, कालवं फोडायला चाकू लागतो, आण. मी ओटीवरच्या खुंटीला टांगलेल्या बंडीतून तो आणला. तिसऱ्याच कालवाला टोक 'कट्' करून गेलं आणि ते आपण कपारीत शोधत बसलो, जसं काही सापडलं तर परत चिकटवणारच होतो. आमच्या घरात मासळीचं नाव काढायची सोय नाही आणि चाकूला कालवांचा वास! तो वाळूनं घासला, खाऱ्या पाण्यात खळबळला (पात्यावर गंजाचे खड्डे आहेत ना, ते आपले), गुपचूप बंडीत ठेवला. शपथा घेतल्या. महिनाभर मी तात्यांकडे वर मान करून पाहिलं नाही. ते काहीच बोलले नाहीत, तेव्हा आपण समजलो, म्हाताऱ्याला कळलंच नाही.

अरे, ज्या माणसाचा हात दिवसातून दहा वेळा त्या खिशात जायचा, त्याला कळलं नाही?

आणि मग आठवलं. त्याच जूनमध्ये तात्यांनी आपल्या दोघांना, मुद्दाम दोघांनाच, दोनशे बाठे (आंब्याच्या कोयी) गोळा करायला लावले होते. रायवळचेच हवेत, कलमी आंब्याचे चालणार नाहीत. एकेक धुऊन. पाण्यात तरंगेल तो बाद. आपण पावसात चिखल तुडवत आठ दिवस हिंडलो, तू तर रडकुंडीला आला होतास. 'मलाच का?' असं तू विचारलंस, तर म्हणाले, "तुला खडकांवर फिरायची सवय आहे ना?" तेव्हा आपण त्याचा अर्थच लावला नाही. आत्ता, चाळीस वर्षांनी, लोहाराच्या पडवीत मला तो लागला आणि मी एकटाच खो खो हसत सुटलो. लोहारांना वाटलं असणार, पैसे बुडवायचा विचार आहे.

त्या वर्षी तात्या कोय कलम नव्यानंच करत होते. त्याआधी सगळी भेट कलमं, झाडाला कुंड्या टांगून तीन-तीन महिने वाट बघायची. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं आणि हळूहळू बाठ्यावरचं कलम गावोगाव पोचलं. पंधरा दिवसांचं तांबूस पानांचं रोप, त्याला मधोमध चीर, त्यात हापूसच्या काडीची पाचर. पाचरीचा काप एका ओढीत, सपाट झाला पाहिजे, नाहीतर साल सालीला भिडत नाही. टोक मोडून पातं आखूड झालं तरी तात्या तीच ओढ ओढत राहिले. वर्षानुवर्षं पाजवून पातं मधेच कसं खोलगट झालंय ते तू पाहायला हवंस.

तो खोलगटपणा मी तसाच ठेवला. लोहार म्हणाले, सरळ करून देतो. नको म्हटलं. सपाट बाजू कुरुंदाच्या दगडावर हातानं घासली, मग चामड्याच्या पट्ट्यावर. निळा डाग आहे तिथेच आहे, त्याच्या पुढचं पातं वापरतो. सांध्याला शिवणयंत्राचं तेल, खोबरेल बंद.

महिन्याच्या सुरुवातीला पंचवीस कलमं बांधली. माझा हात तात्यांचा नव्हे, पहिल्या चार पाचरी वाकड्या गेल्या आणि अंगठा कापून घेतला. तरी अठरा फुटली आहेत. त्यातलं एक तुझ्यासाठी बाजूला ठेवलं आहे, गणपतीला येशील तेव्हा घेऊन जा आणि कर्जतच्या तुकड्यात लाव. येताना वहिनींना हे पत्र दाखवलंस तरी चालेल, फक्त रडकुंडीचा भाग वगळून.

चाकू बघायला देईन. हातात देणार नाही, निदान ओहोटीच्या वेळी तरी.

तुझाच,
बाठ्यांचा भागीदार