कुत्र्याचं घरातलं मार्किंग (खुणेसाठी केलेली लघवी) २१ दिवसांत बंद करण्याच्या हमीबाबत तक्रार

दि. १८ जून २०२५
प्रतापनगर, नागपूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
श्वान प्रशिक्षण सेवा, नागपूर

विषय : ‘तर्री’ या कुत्र्याच्या प्रशिक्षणातील त्रुटी, हमी न पाळणे आणि रु. १२,५०० परत मिळण्याबाबत.

महोदय,

दि. १९ एप्रिलला मी आपल्याकडे रु. १२,५०० भरले. पावती माझ्याजवळ आहे. २१ एप्रिल ते ११ मे आपला प्रशिक्षक रोज सायंकाळी सहाला आमच्या घरी येत होता. एकही खाडा केला नाही, हे आधीच मान्य करतो. आपल्या पत्रकावर छापलं आहे, ‘२१ दिवसांत घरातली लघवी बंद, हमखास’. १२ मेच्या सकाळी तर्रीने चपलांच्या रॅकवर तंगडी वर केली.

तर्री हा नर आहे. नाव बायकी वाटेल, पण पोह्यांवरच्या लाल तर्रीसारखा रंग पाहिला की नागपूरचा कोणताही माणूस विचारत नाही. देशी कुत्रा, आपल्याकडे नाव नोंदवलं तेव्हा दहा महिन्यांचा. चौथ्या-पाचव्या महिन्यातच तो बाहेर जायला शिकला होता. रात्रभर थांबायचा आणि सकाळी फाटकाबाहेर गेल्यावरच करायचा. आठव्या महिन्यात त्याने तंगडी उचलायला सुरुवात केली आणि त्यानंतर घरात हे प्रकार सुरू झाले. म्हणजे त्याला ‘लघवी कुठे करायची’ हे शिकवायचं नव्हतंच. ते त्याला येत होतं.

मी ३१ वर्षं लेखापरीक्षणात काढली. निवृत्त झालो तरी नोंदी ठेवायची खोड गेलेली नाही. ६ ते २० एप्रिल या दिवसांत मी शंभरपानी वहीत प्रत्येक प्रकार लिहिला : तारीख, वेळ, जागा, आधी काय घडलं आणि किती. (‘किती’च्या रकान्यात दोनच शब्द, थेंब किंवा थारोळं.) एकूण २३ नोंदी झाल्या. तेवीसही वेळा थेंब. सपाट फरशीवर एकही नाही, सगळं उभ्या वस्तूंवर. समोरच्या दाराच्या चौकटीवर ११ वेळा, कूलरवर ७ वेळा आणि उरलेल्या ५ त्या-त्या दिवशी घरात आलेल्या वस्तूंवर. त्यांत सिलिंडर होतं, वर्षाच्या गव्हाचं पोतं होतं आणि अमरावतीहून आलेल्या मेहुणीची बॅग होती. त्या बॅगेत पापड होते. यापुढचं लिहीत नाही.

चौकटीवरच्या ११ पैकी ९ नोंदी रात्री साडेनऊ ते अकराच्या आहेत. त्या वेळी कोपऱ्यावरचा एक काळा कुत्रा पोळीच्या आशेने आमच्या फाटकाशी येतो, खांबावर आपली सही करतो आणि निघून जातो. आत तर्री दाराच्या फटीतून हुंगतो आणि लगेच चौकटीवर उत्तर देतो. हे मला वहीवरून कळलं, आणि मी काही श्वानतज्ज्ञ नाही.

पहिल्याच दिवशी ही वही मी आपल्या प्रशिक्षकापुढे ठेवली. त्याने ती उघडली नाही. तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला. मुखपृष्ठावर तो गोल डाग अजून आहे, सोबत जोडलेल्या झेरॉक्समध्येही दिसेल. त्याचं म्हणणं एकच होतं, “काकाजी, हा तुम्हाला आव्हान देऊन राहिला. मालक कोण हे एकदा त्याला समजलं की सगळं बंद.” मग चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आली. वर्तमानपत्राची सुरळी आली. आणि चौथ्या दिवसापासून डागावर नाक घासणं सुरू झालं. डाग दुपारचा, नाक घासलं सायंकाळी सहाला. चार तासांपूर्वीच्या गुन्ह्याची शिक्षा आत्ता होते आहे, हे कुत्र्याला कळतं तरी कसं? त्या क्षणी जे चाललं असेल त्याच्याशीच तो ते जोडतो. तर्रीने ते सायंकाळच्या सहाशी जोडलं. दुसऱ्या आठवड्यापासून पावणेसहाला तो बाथरूममध्ये जाऊन बसू लागला. हिने मला तेव्हाच सांगितलं होतं, की हे बंद करा. मी पैसे भरले आहेत म्हणून थांबलो. ती चूक माझी.

आता कूलरचं. आमचा कूलर खिडकीला लोखंडी स्टँडवर आहे, पाठ गॅलरीकडे. तर्रीचा पल्ला मागच्या ताटीच्या (कूलरच्या गवती पॅडच्या) खालच्या टोकापर्यंत बरोबर पोचतो. पंखा त्याच ताटीतून हवा ओढतो, त्यामुळे थेंब एका कोपऱ्यात पडतो आणि वास चारही खोल्यांत फिरतो. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवा म्हणणारा माणूस नागपूरचा नसणार. आपल्या प्रशिक्षकाने उपाय सांगितला, ताटीवर फिनाइल शिंपडा, जितकं जास्त तितकं बरं. आम्ही शिंपडलं. तीन दिवस घराला बसस्टँडच्या मुतारीचा वास होता. मेहुणी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी गेली. फिनाइलने माणसाच्या नाकापुरता जुना वास झाकला जातो, कुत्र्याच्या नाही. उलट रोज नवा उग्र वास आला की त्यावर आपली खूण पुन्हा ठेवावी असं त्याला वाटतं. २१ दिवसांत कूलरवरच्या नोंदी १६ झाल्या.

शेवटच्या आठवड्यात मात्र वहीत फक्त ६ नोंदी आल्या. आपला प्रशिक्षक म्हणाला, “पाहा, झालं की नाही?” मलाही बरं वाटलं होतं. १२ मेला चपलांचा प्रकार घडल्यावर आम्ही दिवाण सरकवला. मागच्या भिंतीवर डागांची रांग होती. फ्रिजच्या बाजूला होती, गव्हाच्या पोत्याच्या भिंतीकडच्या अंगाला होती. तो थांबला नव्हता, आमच्यासमोर करायचा थांबला होता. मारल्याने कुत्रा एवढंच शिकतो, आणि मोबदल्यात माणसाचा हात वर झाला की दबतो. आता मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला तरी तो मान खाली घालतो. त्या आठवड्याच्या नोंदींवर मी लाल शाईने रेघ मारली आहे. चुकीचा ताळा मी नोकरीत कधी पुढे जाऊ दिला नव्हता.

यानंतर आपल्याला तीन वेळा फोन केला. शेवटी व्हॉट्सॲपवर उत्तर आलं : कुत्रा ढीठ आहे, ॲडव्हान्स कोर्स घ्या, आणखी रु. ८,०००.

तो कोर्स न घेता आम्ही तर्रीला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. तिथे पहिला प्रश्न विचारला तो, लघवी तपासली का? मूत्रमार्गाला संसर्ग असेल तर कुत्रा थेंब-थेंब करतो, आणि तसं असतं तर आपली चोक चेन एका आजारी जनावराच्या गळ्यात २१ दिवस राहिली असती. आपल्या अर्जात नाव, जात, वय, मोबाइल क्रमांक सगळं आहे, हा एक प्रश्न नाही. तपासणीत काही निघालं नाही. मग वही पाहिली. पूर्ण पाहिली.

पुढचं आम्ही घरीच केलं. ताट्या बदलल्या आणि कूलरच्या स्टँडला खालून दोन फूट पत्रा लावून घेतला. डागांवर एन्झाइमचं क्लीनर वापरलं. ते लघवीतले वासाचे घटकच मोडतं, पण ओतून पुसायचं नसतं, बराच वेळ ओलं राहू द्यावं लागतं. फाटकाचा खांब बाहेरून रोज धुतो आणि काळ्याची पोळी आता गल्लीच्या टोकाला ठेवतो. फाटकाला खालून पत्रा ठोकला, म्हणजे दिसणंही बंद. घरात तर्रीची दोरी माझ्या कमरेला. दिसेनासा झाला की हुंगत फिरतो, आणि हुंगायला लागला की पुढचं ठरलेलं, म्हणून त्याला नजरेआड होऊच दिलं नाही. तंगडी उचलायच्या बेतात दिसला की एक टाळी, लगेच बाहेर, आणि बाहेर खांबावर केलं की शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा. पहाटे साडेपाचला आणि रात्री साडेआठनंतर फिरवतो, उन्हात नाही. खांब न् खांब हुंगू देतो. आपल्या प्रशिक्षकाने हुंगणं बंद करायला सांगितलं होतं, ‘शिस्त बिघडते’ म्हणून. बाहेर निरोप ठेवायला जागा नसेल तर तो घरातच ठेवणार ना! नवी वस्तू आली की दोन दिवस उंचावर, आणि पाहुणे आले की त्याला बेली बँड (पोटाभोवतीचा लघवी शोषणारा पट्टा).

१९ ते २५ मे या आठवड्यात ९ नोंदी झाल्या, पुढच्या आठवड्यात ४, आणि ९ ते १५ जूनला १. दिवाणामागेही पाहिलं. नसबंदी पुढच्या महिन्यात करणार आहोत. तिने पुष्कळ नरांमध्ये हे कमी होतं, पण सगळ्यांमध्ये नाही आणि सवय मागे राहू शकते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. डॉक्टर ऑपरेशनची हमी देत नाहीत आणि आपण सुरळीची देता.

आता मागण्या. रु. १२,५०० पूर्ण परत करावेत. ‘हमखास’ हा शब्द पत्रकावरून काढावा, कारण जिवंत प्राण्याच्या वागण्याची तारीख लावून हमी देणं ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे. चोक चेन आणि नाक घासणं बंद करावं, आणि नाव नोंदवण्याआधी प्रत्येक ग्राहकाला लघवी तपासून आणायला सांगावं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे, त्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. पन्नास रुपयांत आज दोघांचा तर्री-पोह्यांचा नाश्ताही नीट होत नाही, त्यामुळे त्या वाटेने मी जाणार नाही.

मी जाणार ती वाट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम आली नाही, तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा आयोगाकडे तक्रार करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि मी निवृत्त आहे. वहीची २६ पानं, पावती, पत्रक आणि आपला व्हॉट्सॲपवरचा निरोप यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला ग्राहक,
(सही)

ता. क. आपली चोक चेन आमच्याकडे राहिली आहे. धुऊन, पिशवीत घालून ठेवली आहे. न्यायला पाठवाल तेव्हा कृपया दुसऱ्या माणसाला पाठवा, आणि सायंकाळी सहाला नको.