लिस्बनला निघालेल्या लेकीस

वसई

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली लिस्बनची यादी आईने आणि मी नीट वाचली. बेलेमचा बुरूज, जेरोनिमोसचा मठ, अठ्ठावीस नंबरची ट्राम, सांता जुस्ताची लिफ्ट, किल्ला. एकही जागा वाईट नाही. पण अशी यादी हातात धरून हिंडलीस तर निम्मा वेळ रांगांत जाईल, आणि शहर कसं घडलं याचा पत्ता लागणार नाही. माझं ऐकशील तर लिस्बन वस्तीवस्तीने बघ. सकाळी एक वस्ती, ऊन उतरल्यावर दुसरी, दोन्ही पायी. आणि कुठल्याही वस्तीत शिरलीस की एवढंच विचार कर: इथे आधी कोण राहायचं, आणि त्यांना कोणी उठवलं? आपण वसईचे. 1534 पासून 1739 पर्यंत आपल्या गावाचे हुकूम त्या शहरातून सुटत होते. तेव्हा हा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात बायशापासून कर. तेजो नदीला लागून असलेला हा सखल, सपाट भाग. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं भरलेली असताना भूकंप झाला. पाठोपाठ नदीच्या मुखातून समुद्र आत घुसला, आणि उरलंसुरलं आगीने नेलं, कारण सण असल्यामुळे वेदीवेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. आज जिथे प्रासा दो कोमेर्सियो हा नदीकडे उघडणारा प्रशस्त चौक आहे, तिथे तेव्हा राजवाडा होता, आणि तिथेच ‘कासा दा इंडिया’, म्हणजे पूर्वेकडच्या व्यापाराची कचेरी. आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मालाचे आणि जहाजांचे हिशेब ठेवणारी ती कचेरी दफ्तरासकट गेली. चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याला तोवर सोळा वर्षं झाली होती.

पुढे मार्किस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने आणि लष्करी इंजिनियरांनी तो भाग सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांनी नव्याने आखला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा बसवला, जमीन हलली तरी घर तोल सावरील असा. त्याचा नमुना उभारून भोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली आणि मगच तो मंजूर केला, असं सांगतात. रस्ते धंद्यांना वाटून दिले: सोनार एका रस्त्यावर, चांदीवाले दुसऱ्यावर, चांभार तिसऱ्यावर, खोगीरवाले चौथ्यावर. पाट्यांवर ती नावं अजून आहेत. दुकानांत आता फ्रिजला लावायचे चुंबक आणि कॉर्कच्या पिशव्या. बायशात तास-दीड तास पुरे. लिफ्टच्या रांगेत उभी राहू नकोस. मागच्या रस्त्याने चढून गेलीस की लिफ्ट जिथे पोचते तिथेच पोचशील.

वर कार्मोचं चर्च आहे, त्याला वेळ दे. छप्पर नाही, नुसत्या दगडी कमानी आणि वर आकाश. आत गेलीस की आपला किल्ला आठवेल. तिथलीही पोर्तुगीजांनीच बांधलेली आणि छप्पर गेलेली देवळं. कार्मोचं छप्पर भूकंपात कोसळलं. पुन्हा बांधायला घेतलं होतं, पण 1834 मध्ये पोर्तुगालने धर्मसंघच बरखास्त केले आणि काम थांबलं ते थांबलंच. बाहेरच्या छोट्या चौकात जॅकरंडाची झाडं आहेत, जूनच्या सुरुवातीला ती बहुधा अजून फुललेली असतील. त्याच चौकातल्या सैनिकी ठाण्यात 25 एप्रिल 1974 ला हुकूमशाही सरकारचा प्रमुख मार्सेलु कायतानु लपून बसला होता आणि बाहेर उठाव केलेले सैनिक आणि गर्दी जमली होती. संध्याकाळपर्यंत त्याने सत्ता सोडली. आपला त्याच्याशी संबंध असा, की गोवा 1961 मध्ये मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्य केलं नव्हतं. ही क्रांती झाल्यावर, 31 डिसेंबर 1974 च्या कराराने, ते मान्य केलं. त्या चौकातल्या बाकावर पाच मिनिटं बस.

शियादो आणि बायरो आल्तो या वस्त्या तू मैत्रिणींबरोबर रात्री बघशीलच, त्याबद्दल मी काय सांगू. फक्त बेर्त्रांद हे पुस्तकांचं दुकान चुकवू नकोस. 1732 साली सुरू झालं, ते आजही चालू आहे.

आता मी ज्यासाठी पत्र लिहायला बसलो, ते सांगतो. रॉसियोच्या मोठ्या चौकाला लागून सांव दोमिंगोस नावाचं चर्च आहे. बाहेरून साधं. आत गेलीस की थबकशील. 1959 च्या आगीत ते आतून जळलं. दुरुस्त करताना दगड मुद्दाम तसेच ठेवले आहेत. खांबांचे टवके उडालेले, कडा झिजून गोल झालेल्या, कुठे काळे, कुठे गुलाबी डाग. हात लावून बघ, खरखरीत लागतात. 1506 च्या एप्रिलमध्ये याच चर्चमधून एक दंगल सुरू झाली. सक्तीने बाटवलेल्या ज्यूंना, ज्यांना तिथे ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत, शोधून शोधून मारलं. हजारावर माणसं गेली. बाहेरच्या चौकात त्यांचं स्मारक आहे, त्याच्यासमोर उभी राहा. दुपारनंतर त्याच चौकात पश्चिम आफ्रिकेतली, विशेषतः गिनी-बिसाऊची माणसं गप्पा मारायला जमतात. बायका रंगीत वस्त्रं नेसून फळं, बिया विकायला बसलेल्या असतात. आम्ही लिस्बनला गेलो होतो तेव्हा तिथे बराच वेळ उभे होतो. जिथे माणसांना हुसकलं तिथे परक्या देशातून आलेली माणसं निवांत बसली आहेत, हे बघून तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथून पाच-दहा मिनिटांवर मोरारिया. 1147 मध्ये आफोन्सु एन्रिकेश या राजाने धर्मयुद्धाला निघालेल्या सैनिकांची मदत घेऊन लिस्बन मुसलमानांकडून जिंकलं. जे मुसलमान मागे राहिले त्यांना किल्ल्याच्या उत्तरेच्या उतारावर, तटाबाहेर, वसवलं. ती ही वस्ती. साडेतीनशे वर्षं ते तिथे राहिले, कामं केली, कर भरले. मग 1496 च्या डिसेंबरात राजा मानुएलने फर्मान काढलं की ज्यू आणि मुसलमानांनी एक तर ख्रिस्ती व्हावं, नाही तर देश सोडावा. या मानुएलचं नाव लक्षात ठेव, बेलेमला तो पुन्हा भेटेल.

विसाव्या शतकात हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत या वस्तीचा खालचा भाग पाडून टाकला, जुनं चर्चही सोडलं नाही, आणि मार्तीम मोनीझ हा भला मोठा मोकळा चौक उरला. आज त्याच्या आजूबाजूला बांगलादेशी, नेपाळी, चिनी, पंजाबी दुकानं आहेत. बेंफोर्मोझो रस्त्यावर शिरलीस की जिऱ्या-धण्याचा वास येईल, भेंडी मिळेल, कोथिंबीर मिळेल. तिथल्या मशिदीत शुक्रवारी जागा अपुरी पडते. पाचशे वर्षांपूर्वी ज्या वस्तीतून नमाज हद्दपार केली तिथे ती परत आली आहे. उतारावरच्या गल्ल्यांत अजून जुनी माणसं राहतात. फादो या लिस्बनच्या हुरहूर लावणाऱ्या गाण्यांची पहिली नावाजलेली गायिका मारिया सेवेरा याच गल्ल्यांतली. 1846 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षीच ती गेली.

जरा वर इन्तेन्देन्तेचा चौक आहे. एके काळी तिकडे लोक जायला कचरत. 2011 मध्ये लिस्बनच्या महापौरांनी स्वतःचं कार्यालयच तिथे हलवलं, म्हणजे पोलीस, दिवे, दुकानं सगळं मागोमाग येईल. तो महापौर आन्तोनियो कोश्ता. वडिलांकडून मडगावचा. पुढे 2015 मध्ये तो पोर्तुगालचा पंतप्रधान झाला. चौकात एका इमारतीच्या दर्शनी भिंतीवर निळ्यापिवळ्या फरशांवर चित्रं आहेत, ती बघायला विसरू नकोस.

आल्फामा मी तुला 12 जूनच्या संध्याकाळी बघायला सांगेन, कारण तुझ्या तारखा सुदैवाने त्यातच येताहेत. 13 जून हा सेंट अँथनीचा सण, आणि हा संत जन्माने लिस्बनचाच. मोठ्या कॅथेड्रलशेजारी त्याच्या जन्माच्या जागी चर्च आहे. आदल्या रात्री लिबेर्दाद मार्गावरून वस्त्यावस्त्यांच्या मिरवणुका निघतात. आल्फामा, मोरारिया, बिका, माद्रागोआ, अल्कांतारा, प्रत्येक वस्तीचा आपापला पोशाख, आपलं गाणं, आणि पहिल्या नंबरासाठी ईर्ष्या. 1932 पासून ही प्रथा आहे. मिरवणूक संपली की माणसं आपापल्या आळीत परततात आणि दाराबाहेर निखाऱ्यावर सार्डिन भाजतात. आपल्या तारलीच्या जातीचाच मासा, नुसतं जाड मीठ लावलेला. पावाच्या जाड कापावर ठेवून देतात. मासा खाऊन झाला की त्याचं तेल प्यालेला तो पाव खायचा, टाकायचा नाही. खरी चव त्यातच आहे.

दारोदारी तुला छोट्या कुंड्या दिसतील. बारीक पानांची, चेंडूसारखी गोल वाढलेली तुळशीच्या कुळातली रोपं, त्यात कागदाचं फूल आणि कागदी निशाणावर चार ओळींची प्रेमाची कविता. त्याला मांजेरिको म्हणतात. नाक लावून वास घ्यायचा नाही, रोप कोमेजतं अशी समजूत आहे. वरून हळूच तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. एका म्हाताऱ्या बाईंनी तुझ्या आईचा हात धरून हे शिकवलं. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, पण अडलं काहीच नाही.

आल्फामा भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेली, म्हणून गल्ल्या अजून जुन्याच आखणीच्या: जिने, बोळ, वाळत घातलेले कपडे. पूर्वी इथे कोळी, खलाशी, गोदीतले मजूर राहत. आता घरमालक भाडेकरू काढून खोल्या पर्यटकांना देतात, कारण त्यात चौपट पैसा. रात्री बोळांतून चाकाच्या बॅगा खडखडत जातात आणि त्या आवाजाने तिथल्या माणसांची झोप मोडते. म्हणून कळकळीने सांगतो, आल्फामात घर भाड्याने घेऊ नकोस. दुसरीकडे साध्या हॉटेलात किंवा हॉस्टेलात राहा. माणशी एका रात्रीला चार युरो नगरपालिकेचा कर पडतो, तो धरून चल.

बेलेम सगळ्यात शेवटी बघ. पंधरा नंबरच्या ट्रामने जा. जेरोनिमोसचा मठ सुंदर आहे, फार सुंदर. दगडात दोरखंड कोरलेत, त्यांच्या गाठी कोरल्यात, प्रत्येक खांब वेगळा. पण तो बांधला त्याच राजा मानुएलने, आणि पैसा आला तो पूर्वेकडच्या मिरी-मसाल्यावरच्या पाच टक्के करातून. 1497 च्या जुलैत वास्को द गामा याच किनाऱ्यावरून निघाला. म्हणजे मोरारिया रिकामी करण्याचं फर्मान आणि आपल्या किनाऱ्याकडे निघालेली जहाजं, यांत वर्षाचंही अंतर नाही. गामाची कबर मठाच्या चर्चमध्ये, दाराशीच आहे. मोरारिया आधी पाहिलीस तरच बेलेमचा दगड तुला पुरता कळेल. म्हणून हा क्रम मोडू नकोस. जवळच्या बागेत उंच स्तंभावर आफोन्सु द आल्बुकर्क उभा आहे, 1510 मध्ये गोवा घेणारा. आणि नदीकाठी दर्यावर्दींचं 52 मीटर उंचीचं स्मारक. आधी 1940 च्या सरकारी प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं उभारलं. त्या प्रदर्शनासाठी मठासमोरची जुनी घरंसुद्धा पाडली. दगडात ते बांधलं 1960 मध्ये. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात गोव्यातून त्यांना जावं लागलं.

तिथल्या प्रसिद्ध दुकानातले अंड्याच्या खिरीचे पास्तेल गरमच खा, वर दालचिनी भुरभुरून.

आता बारीकसारीक. पायांत रबरी तळाचे बूट हवेत. फुटपाथ पांढऱ्या-काळ्या दगडी चौकोनांचे आहेत, पाऊस पडला की पाय सरकतो. अठ्ठावीसच्या ट्राममध्ये खिसेकापू असतात. बसायचंच असेल तर मार्तीम मोनीझला रांग लावू नकोस, कांपो द ओरीकच्या टोकाला सकाळी लवकर बस. चढावरच्या केबलगाड्यांचा मोह नको. सप्टेंबर 2025 मध्ये ग्लोरियाची गाडी घसरून 16 माणसं गेली, तेव्हापासून आईच्या मनाने भीती घेतली आहे. हॉटेलात बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठव. कॅफेच्या काचेच्या कपाटात ‘शामुसा’ दिसेल, तो आपला समोसाच, गोवा आणि मोझांबिककडून तिथे पोचलेला. घे एक. कोणाच्या दारातून जाताना ‘बोम दिया’ म्हणजे सुप्रभात म्हण, निघताना ‘ओब्रिगादा’ म्हणजे आभार. दारात बसलेल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस.

परतीच्या दिवशी सकाळी कांपो द ओरीकला जा. तिथे बघण्यासारखं विशेष काही नाही, आणि म्हणूनच जा. सपाट रस्ते, शाळेला निघालेली मुलं, कोपऱ्यावरच्या कॅफेत उभ्याने कॉफी पिणारे म्हातारे, आणि एक मंडई. मंडईतून आईला व्हिडिओ कॉल लाव. मासळीचे भाव आणि पापलेट-सुरमईसारखं काय काय मिळतं, ते तिला कोळणीकडूनच ऐकायचं आहे.

तुझा,
बाबा